बाहेर पडायचा दिवस

मित्रांनो, मी कागद कारखान्याचा जुना भोंगा. बोलण्याची सवय नाही, मला फक्त ओरडणे ठाऊक. गोष्ट नीट जमेल की नाही कोण जाणे, तरी ऐका.

कुणी माझा दांडा गरागरा फिरवला, की माझा आवाज गावाच्या टोकापर्यंत जाई. कामाची पाळी सुरू झाली, पाळी संपली, हे मीच सांगायचो.

एका दुपारी कागदाच्या गोदामाला आग लागली. कारखान्याची भट्टी सांभाळणाऱ्या भट्टीवाल्याने माझा दांडा धरला आणि सगळे बाहेर पडेपर्यंत तो फिरवत राहिला. सगळे वाचले. तो मात्र आतच राहिला.

तेव्हापासून त्या तारखेला सुट्टी मिळू लागली. लोकांनीच तिला नाव दिले, 'बाहेर पडायचा दिवस'. त्या दुपारी मी वाजलो, की जो जसा असेल तसा रस्त्यावर येई. कुणाचे हात पिठाचे, कुणाची दाढी अर्धीच झालेली! नव्या सुना घाबरून पाण्याच्या बादल्या घेऊन धावत. मग हसत हसत त्यांना भट्टीवाल्याची हकिगत सांगितली जाई.

पुढे नवे साहेब आले. त्यांना हे नाव गावंढळ वाटले. त्यांनी 'कारखाना दिन' असे नाव ठेवले, सभागृहात भाषणे सुरू केली आणि मला फडक्यात गुंडाळले. काही वर्षांतच मुले म्हणू लागली, आज कारखान्याचा वाढदिवस!

ते ऐकून भट्टीवाल्याची लेक साहेबांकडे गेली. तिला सगळे आत्या म्हणतात. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "आत्या, नाव बदललं म्हणून काय बिघडलं? सुट्टी तर मिळतेच ना?"

"मिळते हो. पण कुणामुळे, ते आता कोण सांगणार?"

यंदा भाषण ऐन रंगात आले असताना आत्याने माझे फडके सोडले. मित्रांनो, काय धाकधूक झाली म्हणून सांगू! गळा गंजलेला. आधी नुसतीच खरखर झाली. तिने दोन्ही हातांनी जोर लावला आणि मी असा ओरडलो, की छपरावरचे कावळे उडाले!

सभागृहातली म्हातारी माणसे ताडकन उठली. कुणी काठी विसरले, कुणी चपला. त्यांच्या मागे मुले धावली आणि सगळ्यांत शेवटी गळ्यात हार घातलेले साहेब आले. मुलांचा एकच गलका, काय झाले, आपण बाहेर का आलो?

एका आजोबांनी आत्याकडे बोट दाखवले. "हिच्या बापामुळे मी वाचलो. म्हणून तुम्ही आहात."

मुले आत्याभोवती गोळा झाली. साहेबांनी हार काढून हातात घेतला आणि हळूच विचारले, "आत्या, कसे होते तुमचे वडील?"

आत्या पायरीवर बसली आणि सांगू लागली.

मित्रांनो, मला वर्षातून एकदा तेल घाला, एवढेच माझे मागणे. आणि सुट्टीच्या दिवशी खुशाल खेळा. फक्त निघण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, ही सुट्टी आपल्याला कुणी दिली?