मांजरांसाठी हाळी

आवाज खाली ठेवण्याचा साधनाला पगार मिळत होता. शिरूरच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती. तिच्या डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. साधनाताईंनी पुस्तकातून नुसती मान वर केली की वाचनालय गप्प व्हायचं.

तिचे वडील म्हस्कूआप्पा त्याच कॉलेजचे वॉचमन. त्यांचा आवाज मात्र घोड नदीपलीकडं पोचायचा. अर्धं आयुष्य त्यांनी मेंढरांमागं काढलेलं. कळप पुतण्याच्या हवाली करून नोकरी धरली, तरी वळायला काहीतरी लागायचंच. मग त्यांनी आवारातली बेवारशी मांजरं वळायला घेतली. मेंढरांना लावतात तसा प्रत्येकाच्या पाठीवर गेरूचा ठिपका लावला. तिन्हीसांजेला दुधात कुस्करलेली भाकरी मांडायची, जीभ टाळूला लावून टर्रर्र करायचं आणि लांबलचक 'येऽऽ ये ये' अशी हाळी द्यायची. मांजरं कळपानं यायची. मांजर कळपात राहत नाही, असं साधनानं त्यांना पुस्तक उघडून दाखवलं होतं.

"मांजरांनी कुठं वाचलंय?" आप्पा म्हणाले होते.

संक्रांतीच्या सुमारास आप्पा गेले. साधना रडली नाही. भेटायला येणाऱ्यांना तिनंच चहा केला, त्यांच्याच पाठीवरून हात फिरवला, आणि सुतक फिटल्यावर ती कामावर आली. मांजरांनी मात्र ग्रंथालयाच्या माळ्यावर ठाण मांडलं आणि संदर्भग्रंथांवर जे करू नये ते करायला सुरुवात केली.

मार्चमध्ये विद्यापीठाची समिती येणार होती. प्राचार्य हौसराव सर भले गृहस्थ, पण समितीच्या नावानं त्यांची झोप उडाली होती. त्यांनी साधनाला बोलावून घेतलं.

"मॅडम, आप्पांबद्दल मला आदर हाय. पण समितीच्या अंगावर माळ्यावरनं मांजर पडलं तर?"

"पडणार नाही, सर."

"मागं विहिरीपाशी शेड हाय, तिथं ऱ्हाऊ द्या, माझी हरकत न्हाई. पण समिती यायच्या आत माळा मोकळा पायजे. न्हाईतर पोत्यात घालून टेम्पोनं राहू गावच्या उसात सोडायला लागतील."

राहूच्या उसात मोकाट कुत्री, कोल्हे. आप्पांची मांजरं हातचं खाणारी. तिथं ती टिकली नसती. आणि आप्पांचं म्हणून मागं राहिलेलं, चालतंबोलतं, तेवढंच होतं.

साधना शेडात दूध ठेवू लागली. मांजरं माळ्याच्या झरोक्यातून तिच्याकडं परीक्षकांसारखी बघत राहिली. तिनं सुके बोंबील आणले. ते कावळ्यांनी नेले. तिनं 'पुस पुस' केलं. शेवटी आसपास कुणी नाही असं बघून 'म्याव' सुद्धा केलं. झाडलोट करणारी धुरपदा भिंतीआड होतीच.

"ताई, त्येंना मांजरागत बोलिवलेलं ठावंच न्हाई," झाडू टेकून ती म्हणाली. "हाळी द्या."

"मी?"

"मग काय प्राचार्य देत्याल?"

"मला नाही जमायचं, धुरपदाबाई."

"म्हस्कूआप्पाची लेक ना तुमी? का कपाटात सापडला?"

समितीचा दिवस उजाडला तरी माळा भरलेलाच होता. फाटकात रांगोळी, खांबांना झेंडूच्या माळा, आणि ग्रंथालयामागं पोती टाकलेला टेम्पो. ड्रायव्हर बिडी विझवून उठला, तशी साधना विहिरीकडं चालू लागली. तिनं शेडात भाकरी कुस्करली. घसा खाकरला.

पहिली हाळी ग्रंथपालाची झाली. तिची तिलाच ऐकू आली नाही.

"आज जेवला न्हाई का?" मागून धुरपदा.

साधनानं चष्मा काढला, डोळे मिटले, आणि बेंबीच्या देठापासून आप्पांची हाळी दिली.

आधी वर्गातलं शिकवणं थांबलं. मग झरोक्यातून काळा बोका उतरला. त्याच्यामागं पाइपवरून, खिडकीवरून, ठिपकेवालं एकेक मांजर. शेपट्या उभ्या करून सगळा कळप भाकरीवर तुटून पडला. धुरपदानं टाळी वाजवली.

तेवढ्यात घंटा वाजू लागल्या. कॉलेजची नव्हे, गळ्यातल्या.

मांडवगणला कुणाच्या तरी रानात खतासाठी बसवायला निघालेली मेंढरं रस्त्यावरच गर्रकन वळली आणि फाटकातून आत घुसली. समितीची गाडी नेमकी फाटकात होती. ती मेंढरांत अडकली आणि मेंढरांच्याच चालीनं आत आली. रांगोळी गेली. झेंडूच्या माळा तोंड पोचेल तिथवर संपल्या.

"कुनी दिली हाळी? कोन हाय त्यो?" काठी उगारून मल्हारी धावत आला. आप्पांनी कळप दिला तो पुतण्या हाच. विहिरीपाशी त्याला साधना दिसली आणि काठी खाली आली.

"ताई, तू व्हय? मला वाटलं..." तो धापा टाकत होता. "माझी मेंढरं दुसऱ्याच्या हाळीला मान बी वर करत न्हाईत गं."

त्यानं डोक्याचा पटका सोडून तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिला. साधनानं चष्मा घातला. तरी समोरचं नीट दिसेना.

तिकडं गाडीतून उतरता येईना, म्हणून समितीचे अध्यक्ष खिडकीतूनच विचारत होते, "प्राचार्य, हे काय आहे?"

"शेतकरी संपर्क उपक्रम, सर," हौसराव सर म्हणाले. घाम त्यांच्या कॉलरपर्यंत आला होता.

"इतका जवळून?"

"व्हय सर. आमच्यात अंतर ठेवत न्हाईत."

माळ्याकडं समितीनं पाहिलंसुद्धा नाही. लेंड्या चुकवत चालताना मान वर करायला कुणाला सवड नव्हती. समिती जेवायला बसल्यावर प्राचार्य मागं आले आणि त्यांनी टेम्पोवाल्याला जायला सांगितलं.

"मॅडम, मांजरं शेडातच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पण हाळी देताना आधी रस्ता बघत जा."

मल्हारीला कळप गोळा करायला दुपार झाली. निघताना तो शेडापाशी आला.

"झ्याक देतीस हाळी, ताई. पर शेवट तोडतीस. आप्पा शेवट वढायचा, पार नदीपल्याड जाईस्तवर."

"असं?"

"आसं."

कळप रस्त्याला लागला, दिसेनासा झाला. पोट भरलेला काळा बोका येऊन साधनाच्या पायावर बसला. पाय हलवायची सोय राहिली नाही. ती तशीच उभी राहिली. मग तिनं श्वास भरून घेतला, पुन्हा हाळी दिली, आणि या खेपेला शेवट सोडला नाही. ओढत नेला, आवाज फाटला तरी ओढत नेला. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

लांबून घंटा जवळ येऊ लागल्या, आणि घंटांच्या वर मल्हारीच्या शिव्या.

"धुरपदाबाई, फाटक लावा! फाटक!" साधना ओरडली, तशी वाचनालयातल्या पोरांनी पुस्तकांतून माना वर केल्या.