माझ्या पाठीमागचे ठिपके

गुडघ्याने रेटल्याशिवाय माझे दार बंद होत नाही. तेवढ्यावरून, मित्रांनो, मी किती जुना फ्रिज आहे याची तुम्हाला कल्पना यावी. कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आता तो रंग जुन्या दातांसारखा पिवळट पडला आहे. पहिली काही वर्षे मी घरमालकीण काकूंच्या स्वयंपाकघरात मानाने राहिलो. पाहुणे आले की काकू माझा बर्फाचा कप्पा मुद्दाम उघडून दाखवत. मग माझ्याहून उंच असा नवा फ्रिज आला. हमालांनी मला जिन्याने वर नेले आणि विद्यार्थिनींना भाड्याने दिलेल्या खोल्यांमध्ये, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीला अगदी चिकटवून उभे केले. त्यानंतर माझ्या पाठीकडे कोणी पाहिले नाही.

फ्रिजच्या पाठीत काय पाहायचे, असे तुम्ही म्हणाल. पण आम्ही आतून थंड असतो ते पाठीमागून गरम होतो म्हणूनच. तिथे खाली मोटर असते आणि वितळलेले पाणी साचायचा ट्रे असतो. ऊब, अंधार आणि पाणी. झुरळांना आणखी काय हवे?

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. मोरीच्या तुटक्या जाळीतून पहिले झुरळ वर आले आणि बारकी राहायला आली. झुरळ कोणी पाहिले नाही. बारकीला सगळ्यांनी पाहिले.

बारकी हे नाव तिला ताईने दिले. ताई आधीपासून तिथे राहत होती आणि इमारतींचे नकाशे काढण्याच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला ठिपका सहन होत नसे. कागदावर शाईचा एक थेंब पडला तरी ती सारा नकाशा नव्याने काढी. ही सवय स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली होती. तिच्या ओट्यावर बसताना माशीनेही विचार करावा. बारकी भूगर्भशास्त्र शिकायला आली होती आणि येताना पुठ्ठ्याच्या खोक्यांतून दगडांचे नमुने घेऊन आली होती. तिचे बाबा शाळेची बस चालवत. दगडच शिकायचे तर परगावी कशाला जायचे, ते आपल्या दारात पडले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी ते कबूल झाले, पण एका अटीवर. राहत्या जागेवरून एक जरी तक्रार आली, तरी शिक्षण बंद आणि परत घरी. बारकी माझ्याशेजारच्या खिडकीत उभी राहून आईशी फोनवर बोलत असे, म्हणून मला हे ठाऊक.

ओट्यावर पहिले झुरळ दिसले तेव्हा ताई दोन पावले मागे सरकली.

"बारके, हे तुझ्या खोक्यांतून आलं."

"ताई, खोक्यांत दगड आहेत."

"मग दगडांखालून आलं. दगडाखालीच राहतात ना ही?"

"ते विंचू."

"छान. म्हणजे विंचू अजून यायचेच आहेत."

बारकी हसली, पण त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. तिने खोकी फेकून दिली आणि दगड जुन्या कापडांत गुंडाळून ठेवले. पेला घेण्याआधी ती तो उलटा करून आपटे. अंधाऱ्या स्वयंपाकघरात शिरण्याआधी उंबऱ्यावर पाय वाजवी आणि मगच दिवा लावी. ताई उठण्याआधी ती ओट्याखाली वाकून पाही. एखादे मेलेले सापडले तर कागदात गुंडाळून खाली नेई, जणू चोरीचा माल.

आणि मी? झुरळे माझ्या तारांवरून चालत, माझ्या ट्रेमध्ये पाणी पीत. मी मोटर धक्क्याने सुरू करी. ती क्षणभर पांगत आणि पुन्हा जमत.

"हा फ्रिज जाणार वाटतं आता," बारकी म्हणे. माझे सारे ओरडणे तिला आजारपण वाटले.

अखेर काकूंनी औषधवाल्याला पाठवले. ताई तेव्हा कॉलेजात होती. त्याने फवारा आणला नव्हता. एका बारीक नळीतून तो बिजागऱ्यांवर, ओट्याखालच्या कपाटांत, शेगडीमागे तपकिरी पेस्टचे ठिपके लावत गेला. माझ्या आणि भिंतीमधल्या फटीतून नळी आत खुपसून त्याने माझ्या मोटरभोवतीही काही ठिपके लावले.

"महिनाभर हात लावायचा नाही," तो बारकीला म्हणाला. "पुसायचं नाही, वरून फवारा मारायचा नाही. ती हे खातील आणि आपल्या घरी जाऊन मरतील."

संध्याकाळी बारकीने ताईला सांगितले, "औषध मारून झालं, ताई. आता फवारा नको म्हणालाय."

ताईने हवेत वास घेतला. "वास तर काहीच नाही. बनवून गेला तुला."

बारकी आणखी काही सांगणार होती. पण आधीच आपल्यामुळे हिला त्रास, असे तिच्या मनाने घेतले होते. ते तसेच ठेवून तिने भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी लवकर बाहेर पडली. ताईने कपाट उघडले आणि तिला बिजागरीवर तपकिरी डाग दिसला. मग शेगडीमागे दिसला. मग आणखी खाली.

"काय ही मुलगी," ती पुटपुटली. "स्वयंपाक करते की शिंपडते?"

तिने फिनेलचे फडके घेतले आणि एकेक ठिपका निपटून काढला. मी अंगातले बळ एकवटून थरथरलो. तिने माझ्या दारावर थोपटले आणि मलाही पुढून पुसले. फटीतून तिचा हात मागे पोहोचला नाही.

त्यानंतरचे दिवस फार विचित्र गेले. माझ्या पाठीमागची वर्दळ हळूहळू थांबली. मोटरखाली एकेक झुरळ उताणे पडू लागले. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण समोरच्या ओट्याखाली दुसरीच वस्ती वाढत होती, आणि तिथे ठिपका उरला नव्हता. हे दोन्हीकडचे फक्त मला दिसत होते. बारकी कपाट उघडून वेड्यासारखी औषध शोधे. सगळे खाऊन संपले असेल, अशी ती स्वतःची समजूत घाली.

मग एका दुपारी काकू वर आल्या. त्यांच्या हातात ताटली होती आणि तिच्यावर पेला पालथा घातलेला होता.

"हे माझ्या साखरेच्या डब्यावर होतं," त्या म्हणाल्या. "औषध झालं तरी आहेतच. ही कुणाची कृपा?"

 ताईची नजर तेवढी बारकीकडे गेली, आणि ती नजर काकूंनी पाहिली.

संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"रविवारी येतोय. सामान बांधून ठेव."

"बाबा, ऐका तर..."

"मी काय सांगितलं होतं?"

"एक जरी तक्रार आली तर..."

"मग झालं तर. जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. दुपारपासून ती न पेटवलेल्या शेगडीसमोर उभी होती.

रविवारी सकाळी ती माझ्यातला आपला कप्पा रिकामा करायला आली.

"राहू दे गं, मी करीन," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"नको. घाणेरडी म्हणून निघालेय, निदान कप्पा तरी पुसून जाते."

तिने माझे बटण बंद केले. बर्फ वितळला, ट्रे भरून वाहिला आणि पाणी माझ्याखालून भिंतीकडे गेले. ते पुसायचे तर मला हलवणे भाग होते. दोघींनी मिळून मला ओढले. किती वर्षांनी माझ्या पाठीवर उजेड पडला.

ताईने तोंडावर हात धरला. जमिनीवर झुरळांचा सडा पडला होता. सारी उताणी. एकही हलत नव्हते. आणि मध्येच ते तपकिरी ठिपके, अर्धवट कुरतडलेले.

"इथली सगळी मेलीत," ताई हळूच म्हणाली. "मग ओट्याखालची जिवंत कशी?"

बारकी उकिडवी बसली. तिने ठिपक्यांकडे बोट केले. "हे औषध आहे, ताई. तिकडेही लावलं होतं त्यानं. बिजागऱ्यांवर, शेगडीमागे, सगळीकडे. ते कुठे गेलं?"

ताईने हातातले फडके खाली ठेवले.

"औषध म्हणजे हे? तू मारलं म्हणालीस, मला वाटलं फवारा." तिची नजर शेगडीमागे गेली. "मी ते पुसलं, बारके. फिनेलनं. मला वाटलं, तू सांडलंयस."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. जिन्यावर पावले वाजू लागली, आणि त्यांच्या पाठोपाठ काकूंचा आवाज.

मित्रांनो, त्या घटकेइतका मी कधी घाबरलो नाही. ताई गप्प बसली असती तर कोणाला कळणार होते? बारकी स्वतःहून तिचे नाव घेणार नाही, हे मला दिसत होते. माझी तर मोटरही बंद होती. साधी घरघरसुद्धा करता येत नव्हती.

दारात बाबा उभे राहिले. हातात गाडीची किल्ली होती.

"काका, आधी इकडे या," ताई म्हणाली. "काकू, तुम्हीही बघा." आणि तिने सारे सांगितले, स्वतःची बाजू न घेता. "डाग दिसला तो मी हिचाच धरला. विचारलं नाही. औषध मी काढून टाकलं आणि बोलणी हिनं खाल्ली."

"पण मुळात आली कुठून ही?" काकूंनी विचारले.

"मोरीची जाळी तुटलीय, काकू," बारकी म्हणाली. "मी आले तेव्हापासून."

काकूंनी मोरीकडे पाहिले आणि विषय बदलत एकदम विचारले, "हा फ्रिज अजून बरा चालतो का गं?"

बाबा माझ्यामागे वाकले. बिघडलेल्या गाडीखाली पाहावे तसे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"तक्रार मागे घेतलीत का?" त्यांनी काकूंना विचारले.

"तक्रार कसली, मी आपलं कानावर घातलं..."

"घेतलीत का?"

"घेतली."

बाबा उठले आणि दाराशी जाऊन थांबले. "आईला फोन कर," ते बारकीकडे न पाहता म्हणाले. "सकाळपासून तुझा पलंग लावत बसलीय. सांग, सुट्टी लागली की येते."

औषध पुन्हा लावून झाले, जाळीही बदलली. मला भिंतीपासून हातभर पुढे उभे केले आहे. झुरळे संपली असे मी म्हणणार नाही. कमी झाली आहेत. बारकी अजूनही उंबऱ्यावर थबकते. ताईला डाग दिसला की तिचे फडके हवेतच थांबते आणि ती हाक मारते, "बारके, हे काय आहे?" बहुतेक वेळा तो चहाच असतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणीतरी भिंतीला पाठ लावून उभे असेल. अधूनमधून त्याला पुढे ओढा, त्याचा ट्रे कोरडा करा, पाठीवरची धूळ झाडा. आणि एखादा डाग दिसलाच, तर तो कोणाच्या नावावर टाकण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. मला विचारता येत नाही. तुम्हाला येते.