गोठ्यात सडलेली मोटारीची चासी

मी एका जुन्या मोटारीची चासी आहे, मित्रांनो. चासी म्हणजे गाडीच्या पोटाखालचा लोखंडी सांगाडा. इंजिन माझ्यावर, चाकं माझ्या जिवावर, आणि आत ऐटीत बसलेली माणसं, तीही माझ्याच पाठीवर. पण आजवर एकानं तरी मला हार घातला? हार बॉनेटला, कुंकू बॉनेटला. असो. तोंड पुढे करणाऱ्यांचंच हे जग आहे.

माझा जन्मच मार खाऊन झाला. समुद्रापलीकडच्या कारखान्यात मला चेचलं, वाकवलं, अंगभर भोकं पाडली. मी हूं की चूं केलं नाही. पुढे मुंबईच्या गोदीतून मी तापीकाठच्या गुजर पाटलांकडे आले. थोरले पाटील होते तोवर माझी वर्षं सुखात गेली. त्यांना घेऊन शहाद्याला गेले, नंदुरबारला गेले, चिखलात रुतले, दगडांवर आपटले, पण वाकले नाही.

थोरले पाटील वारले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, शांतीलालकडे आला. त्याचा माझ्यावर भारी जीव. गाडी म्हणजे घरची लक्ष्मी, आणि लक्ष्मी राहायची गोठ्यात, बैलांच्या रांगेत, असं त्याचं डोकं! पोळ्याला बैलांसोबत गाडीलाही ओवाळायचे. वर आरती आणि खाली मुताचं डबकं. बैलाचं मूत लोखंडाला कसं खातं ते मला विचारा. मागच्या चाकावरचा माझा खांदा पापुद्रा पापुद्रा करून गळायला लागला. पाठ खचली, तसं मागचं दार घासायला लागलं. शांतीलालनं काय करावं? सुतार बोलावला! दाराच्या लाकडावर रंधा फिरवला. मोडली माझी पाठ आणि तासलं दार. मला तर हसावं की तुटावं कळेना.

बासष्ट साली शांतीलालच्या मुलीचं, प्रमिलाचं लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठरलं. पाठवणी आजोबांच्या गाडीतून करायची, घाट उतरून थेट नवापूरला. गाडी नव्यासारखी करायला नंदुरबारचा मिस्त्री इंद्रसिंग आला. त्यानं खाली शिरून माझ्या खांद्यावर हातोडी मारली, तर गंजाचा ढेपाच त्याच्या तोंडावर पडला.

"पाटील, हाई कापीसन नवं लोखंड घालनं पडी," तो म्हणाला.

"आखाजी दारवर शे! डांबर फास, रंग मार!" शांतीलाल ओरडला.

इंद्रसिंगला काम हवं होतं. त्यानं मान डोलावली आणि माझ्या जखमांवर डांबर फासलं. वर काळा रंग, आत भुसा.

पण त्या घरात शांतीलालची आई होती, मोतीबाई. तिनं मागचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"शांत्या, तासीसन बी दार घासस. का बरं?"

"माय, तुले गाडीमधलं काय समजस?"

"गाडीनं नही समजत, पन तुन्हं समजस. मन्ही नात बसाना आगोदर तू बस. वऱ्हाडइतलं वजन भर अन् घाट उतरी दखाड!"

शांतीलालला राग आला. त्यानं मिरच्यांची पोती कोंबली, इंद्रसिंगला शेजारी बसवलं आणि मला घाटावर नेलं. उतारावर मोठा खड्डा आला आणि माझा खांदा कडाडून तुटला. मागचं चाक तिरकं झालं, गाडी दरडीवर आदळली. इंद्रसिंगचं तोंड काचेवर फुटलं. शांतीलाल बाहेर फेकला गेला आणि त्याच्या नडगीवर माझंच तुटकं टोक उतरलं. हाड मोडलेलं मी ऐकलं. पोती फाटून मिरच्यांचा लाल धुरळा उडाला आणि तो त्याच्या उघड्या जखमेत गेला. तेव्हा तो जसा किंचाळला, तसा कापायला नेलेला बोकडही किंचाळत नाही.

त्याला बैलगाडीतून घरी आणलं, मला दोरांनी ओढत. खाटेवरून तो बरळत होता, "भंगारमा टाका तिले!"

मोतीबाई म्हणाली, "भंगारमा तुले टाकू का? मुतमा तिले कोनी उभं करं? तुन्हा जागावर आज मन्ही नात ऱ्हाती!"

तिनं तिथूनच इंद्रसिंगला हाक मारली आणि सडकं सगळं कापायला सांगितलं.

मग खरी दुरुस्ती झाली, आणि ती मलमपट्टी नव्हती, कत्तल होती. इंद्रसिंगनं आधी मला लाकडी ठोकळ्यांवर सरळ टेकवलं, नाहीतर कापताना मी वेडीवाकडी झाले असते. मग छिन्नी आणि घण. सडका भाग तोडून फेकला. दुखरा भाग संपून निरोगी लोखंड लागलं, तिथं ठिणग्या उडाल्या, तेव्हाच तो थांबला. मोडक्या ट्रकची जाड पट्टी कापून माझ्या खांद्यात घातली, आणि लालभडक तापवलेले खिळे भोकांत ठोकून थंड होईतो चेचले. मोतीबाई शेजारी उभी. इंद्रसिंग दमला की म्हणायची, "मार भो, अजून मार! हातले मेंदी लाई बठना का?"

आखाजीला पाठवणी झाली. गाडी चालवायला इंद्रसिंग, त्याच्या शेजारी पायाला बांबूच्या कामट्या बांधलेला शांतीलाल, मागे आजीला बिलगलेली प्रमिला. घाट आला. तोच उतार, तोच खड्डा. शांतीलालनं डोळे मिटले. मी दणका खाल्ला, कण्हले, आणि धरून राहिले. प्रमिलाला तर कळलंही नाही. ती माहेराच्या आठवणीनं रडत होती.

नवापूरला व्याही पुढे आले. "वा! रंग काय झकास मारला आहे!"

शांतीलालनं काठी बाजूला ठेवली. नवं कोरं धोतर, दुखरा पाय, तरी तो सगळ्या वऱ्हाडासमोर धुळीत बसला, आडवा झाला आणि माझ्या पोटाखाली हात घालून नव्या खांद्यावरची धूळ पुसू लागला. व्याही हसले. मोतीबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की हसू दातांतच राहिलं.

मित्रांनो, जी वस्तू तुमचा भार उचलते तिच्याकडे कधीतरी वाकून बघा. चिखल धुवा, अंग कोरडं ठेवा. गंज दिसला तर झाकू नका; खरवडा, ठोका, वेळ पडली तर कापा. घणाच्या मारानं मी मेले नाही. मला मारत होते ते आरती ओवाळणारे.