महापौरांची पाठवणी

डेल्माचा सासरा एन्झो संडासातल्या बेडकाला ‘महापौर’ म्हणायचा. हिरवागार, तळहाताएवढा, चांगला थुलथुलीत बेडूक. दिवसभर फ्लशच्या टाकीत गारव्याला झोपायचा. दिवे लागले की व्हरांड्यात येऊन दिव्यावरचे किडे मटकवायचा. पाऊस जवळ आला की पन्हळाच्या नळीत शिरून असा काही ओरडायचा, की उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अख्ख्या टली गावाला ऐकू जावं. सोळा वर्षं चाललं होतं हे. “जेवला का तो?” सासरा रोज विचारणार. अकरा वर्षं त्याचं अंथरूण धुणाऱ्या सुनेला मात्र कधी एका शब्दानं विचारलं असेल तर शपथ.

डेल्मानं बेडूक आधी शाळेजवळ सोडला. तीन दिवसांत हजर. मग उसाच्या शेतांपलीकडे नेऊन टाकला. आठवड्यानं पुन्हा संडासाच्या भांड्याच्या कडेला चिकटलेला.

“बघ, घर ओळखतो,” सासरा खूश.

डेल्माचं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं तो उचलला, घरच्या मळ्यातल्या केळ्यांच्या खोक्यात घातला आणि खोकं दक्षिणेला मेलबर्नकडे निघालेल्या ट्रकवर चढवलं.

म्हाताऱ्यानं अन्न सोडलं. “येईल तो,” म्हणत दाराकडे बघत बसायचा. पाचव्या दिवशी सूपही नको म्हणाला, तशी डेल्मा घाबरली. त्याच सकाळी मेलबर्नहून फळांबरोबर चुकून आलेले बेडूक सांभाळणाऱ्या एका बाईंचा फोन आला. खोक्यावर मळ्याचं नाव होतं. बेडूक जिवंत होता.

“मग मी न्यायला येते ना,” डेल्मा रडकुंडीला आली.

“नाही देता येणार, बाई. वाटेत त्याला रोग लागला असला तर तिकडचे सगळे बेडूक मरतील. कायदाच आहे तसा. आता तो इकडेच राहणार.”

ती सासऱ्यापाशी गेली. “पापा, तो आपणहूनच शिरला होता खोक्यात. मेलबर्नला आहे, मजेत आहे.”

सासऱ्यानं दाराकडची नजर तिच्याकडे वळवली. “ट्रक दुपारी भरतो. दुपारी तो टाकीतून हलत नाही.”

डेल्मानं सूपची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

“माझी अडचण होत असेल तर तोंडावर सांग,” तो शांतपणे म्हणाला. “मी माझा चालत जाईन. खोकं नको.”

त्यानं सूपची वाटी ओढून संपवली. दुसऱ्या दिवसापासून तो आपलं अंथरूण आपणच धुऊ लागला, तिला हात लावू देईना.