मोरीच्या खिडकीतलं ऑर्किड

दुर्गाबाईंची सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली, त्यामुळे घरात झाडापानांविषयी शेवटचा शब्द आपलाच, असं त्या धरूनच चालत. त्यांच्या थोरल्या नणंदबाई, हेमावती, विधवा झाल्यावर मोडनिंब सोडून सोलापुरात भावाकडे राहायला आल्या होत्या. कुणीतरी भेट दिलेलं, मरायला टेकलेलं ऑर्किड त्यांनी हौसेनं हाती घेतलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसं होरपळतात, तिथं हे नाजूक झाड! पण वन्संनी कुंडी मोरीच्या खिडकीत ठेवली, माती काढून नारळाच्या शेंड्या आणि कोळसा भरला, आणि रोज सकाळी त्या मुळांवर पाणी फवारू लागल्या. झाडानं जीव धरला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणीनं विचारलं, "मातीशिवाय जगतं कसं हो हे?"

"बांडगूळ आहे ते," दुर्गाबाई ऐटीत म्हणाल्या. "दुसऱ्याच्या अंगावर बसायचं नि फुकट खायचं."

बायकांत खसखस पिकली. वन्सं तेव्हा तिळगुळाचं ताट घेऊन दारातच उभ्या होत्या.

काही दिवसांतच त्या मोडनिंबला परतल्या. शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालंय, एवढंच त्यांनी भावाला सांगितलं. ऑर्किड मागे राहिलं.

ते जगवायचं कसं, म्हणून दुर्गाबाईंनी मोबाइलवर शोधाशोध केली आणि त्यांचा चेहराच उतरला. ऑर्किड बांडगूळ नसतंच मुळी. ते झाडाचा नुसता आधार घेतं, त्याच्या अन्नातलं काही खात नाही. घरातला निम्मा स्वयंपाक वन्संच करायच्या, हे आठवून तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फुलं आली तेव्हा त्यांनी धीर करून फोन लावला. "वन्सं, मी चुकीचं सांगितलं. ते बांडगूळ नाही. पण शप्पथ, मी झाडाबद्दलच बोलत होते. परत या ना."

"ठाव हाय की मला, वहिनी. तुमी झाडाबद्दलच बोललात." वन्संच्या आवाजात राग नव्हता. "पर बायका माज्याकडं बगून हसल्या, तवा तुमी बी हसलात."

दुर्गाबाईंना नाही म्हणवेना. हसल्या होत्या त्या, तोंडाला पदर लावून, चांगल्या पोटभर.

"फुलांवर पानी मारू नका बरं," वन्संनीच विषय बदलला. "डाग पडत्यात."

"बरं," दुर्गाबाई म्हणाल्या. परत या, असं पुन्हा म्हणायला त्यांना तोंडच उरलं नव्हतं.