मेंढीच्या कातड्यावरचं वजन

शनिवारी सकाळी आठलाच बाबा आर्सेनियेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. पोस्टातली झ्लातिया, शाळेतली स्वयंपाकीण, गरम झऱ्यांवर सांधे शेकायला आलेले पाहुणे, सगळे रांगेत. ओसरीवर काचेचा चकचकीत वजनकाटा आणि त्यामागे बेंबीपर्यंत दाढी वाढवलेला बाबा. हा पूर्वी एका मठात होता म्हणे. कुठल्या मठात, असं विचारलं की तो डोळे मिटून घ्यायचा.

"चढ, लेकी," बाबा म्हणाला. झ्लातिया चढली. "त्र्याऐंशी पूर्णांक दोन! गेल्या शनिवारी किती होतं?"

"पंच्याऐंशी!" झ्लातिया किंचाळली.

"उतर. पुन्हा चढ." पुन्हा त्र्याऐंशी पूर्णांक दोन. तिसऱ्यांदाही तेच. "पाहिलंत? सत्याला तीनदा विचारा, उत्तर एकच! माझा काढा रक्तातला मेद पकडतो, मेदाची वाफ होते आणि वाफ जाते थेट देवाच्या घरी!"

देवाच्या घरी एवढ्या चरबीचं काय करतात, हे कुणी विचारलं नाही. उतरताना झ्लातियाच्या घागऱ्याचं बटण ताणून तुटलं आणि ओसरीवर घरंगळत गेलं. लोकांनी त्यालाही हात जोडले.

मी वेलिमिर. सूतगिरणी बंद पडल्यापासून झऱ्यांकडे जाणाऱ्या फरसबंद रस्त्यावर जुना, सुईचा वजनकाटा मांडून बसतो. जाणारा-येणारा चढतो, सुस्कारा सोडतो, नाणं टाकतो आणि चालू लागतो. माझी सुई जरा थरथरते. त्याच माणसाला एकदा ऐंशी सांगते, लगेच ऐंशीच्या केसभर पुढे सांगते. बाबा आल्यापासून तिला कुणी विचारेना. मी त्याला भोंदू म्हणालो की लोक म्हणायचे, "धंदा बसला म्हणून जळतोस." जळत होतोच. पण जळणारा माणूस खरं बोलूच शकत नाही, असं थोडंच आहे?

बाबाचं भाग्य असं, की तो सर्ब लोकांच्या गावात आला. सर्ब माणूस तोफेला भीत नाही, पण अनवाणी पायांनी थंड लादीवर उभं राहायचं म्हटलं की त्याची गाळण उडते. लादीतून गारठा चढतो, मूत्रपिंडं गोठतात, बायकांना मूल होत नाही, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. त्यामुळे पहिल्या भेटीत बाबा लोकांना ओसरीच्या लादीवर घाईघाईत तोलायचा आणि हळहळायचा, "अरेरे, पाय गारठले लेकरांचे!" पुढच्या शनिवारी काट्याखाली मेंढीचं लोकरी कातडं. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसरं. ऑक्टोबर उजाडला, गावभर भाजलेल्या मिरच्यांचा वास सुटला, तेव्हा काटा तीन कातड्यांवर सिंहासनासारखा बसला होता. "किती माया त्या माणसाला!" बायका म्हणायच्या.

त्या बायकांत माझी पर्सिदाही होती आणि माझा जीव तिथेच अडकला होता. तिचं हृदय कमजोर. दवाखान्यातल्या डॉक्टर वुकोसावाने बजावलं होतं, "रोज सकाळी उठल्याबरोबर वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी. लगेच माझ्याकडे यायचं." दोन वर्षं पर्सिदा माझ्या काट्यावर चढत होती. मग बाबाने तिला सांगितलं, "तुझ्या नवऱ्याचा काटा दगडावर असतो. दगडाचा गारठा तुझ्या पायात शिरून पाणी होतो." झालं! माझा काटा बंद, डॉक्टरच्या पाणी काढणाऱ्या गोळ्या बंद, बाबाचा काढा सुरू. बाबाकडे पहिल्या दिवशी ती शहात्तर भरली. मग चौऱ्याहत्तर, मग साडेबहात्तर.

त्या शनिवारी ती बाबाकडून आली आणि पायरीवरच बसली. धाप लागली होती.

"एकाहत्तर!" ती म्हणाली. "बोल आता."

"आणि माझ्या सपाता का घातल्यास?"

"माझे जोडे जरा आटलेत."

"पर्सिदा, वजन उतरतंय आणि पाय जोड्यात मावत नाहीत? काय, पायांना कुणी सांगितलं नाही का?"

"तू गप बस. तुझ्या सुईला धड उभं राहता येत नाही, आणि म्हणे माझे पाय!"

मी घोट्याजवळ बोट दाबलं. खड्डा पडला, आणि भरून यायलाच तयार नाही. तसाच दवाखान्यात धावलो. वुकोसावा दारात सिगारेट ओढत होती. मी सगळं सांगितलं. तीन कातडीही सांगितली. तिने सिगारेट चिरडली.

"दुकानातून पंचवीस किलोचं पिठाचं सीलबंद पोतं आण," ती म्हणाली. "आणि पर्सिदाला गाडीत घाल. आधी बाबाकडे जाऊ. तिथे तिचा विश्वास तुटला नाही, तर मी दिलेली गोळी ती गिळणार नाही. दहा मिनिटांत उरकू."

पोतं खांद्यावर घेऊन मी ओसरीवर चढलो. रांग चिडली. "अरे, रांगेत ये!"

"पेशंट बेशुद्ध आहे," मी म्हणालो आणि पोतं काट्यावर ठेवलं.

साडेबावीस.

"अडीच किलो उतरलं!" वुकोसावा म्हणाली. "बाबा, पिठाने काढा कधी घेतला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबाने डोळे मिटले. "पिठात किडा आहे."

"सील कुणी फोडलं? किड्याने?" तिने काटा उचलून उघड्या लादीवर ठेवला आणि मी पोतं त्यावर टाकलं. पंचवीस पूर्णांक एक.

"लादीचा गारठा!" बाबा ओरडला. "गारठा वजन वाढवतो!"

आणि काय सांगू, अर्ध्या अंगणाने माना डोलावल्या.

"पोत्याला पाय आहेत का?" वुकोसावा म्हणाली. "सर्दी झाली त्याला?" मग काटा उलटा करून तिने दाखवला. "हे चार छोटे पाय वजन मोजतात. लोकरीत ते रुतले, की काट्याचं पोट लोकरीवर टेकतं. थोडा भार लोकर उचलते आणि पायांना त्याचा पत्ताच लागत नाही. जितकी कातडी जास्त, तितके तुम्ही बारीक."

"पण तीनदा तोच आकडा येतो!" झ्लातिया म्हणाली.

"चढ." झ्लातिया लादीवरच्या काट्यावर सपातांसकट चढली आणि आकडा बघून "अगं बाई" म्हणाली. "उतर. आता हा काढ्याचा डबा हातात धरून चढ." डबा चांगला तीनशे ग्रॅमचा. आकडा जसाच्या तसा, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

"डब्याला वजनच नाही की काय?"

"हा काटा मागचा आकडा लक्षात ठेवतो. नवं वजन जवळपास असेल तर मोजलेलं बाजूला ठेवून जुनंच पढतो, म्हणजे तुम्हाला वाटावं, किती पक्का! मध्ये पोतं ठेवलंत, की पाठ केलेलं विसरतो. वेलिमिरची सुई थरथरते, कारण ती दर वेळी खरोखर मोजते."

आयुष्यात माझ्या सुईची अशी स्तुती कुणी केली नव्हती. पण मला तेव्हा आनंदाचं भान नव्हतं. वुकोसावाने मध्ये पोतं ठेवून काढलं आणि पर्सिदाकडे वळली.

"ये. सपाता काढ."

"अनवाणी?" शाळेची स्वयंपाकीण कळवळली. "लादीवर? मरेल ती!"

पर्सिदाने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत ती लादीवर अनवाणी उभी राहिली नव्हती. मी माझे जोडे, मोजे काढले आणि तिच्या शेजारी लादीवर उभा राहिलो. लादी थंडगार होती, खोटं कशाला बोलू. ती काट्यावर चढली.

ऐंशी.

तीन आठवड्यांत चार किलो पाणी. पर्सिदा अगदी हळू म्हणाली, "वेलिमिर, मला दवाखान्यात ने."

दहा दिवस ती तिथे होती. पाणी उतरलं, श्वास मोकळा झाला. तेव्हा सांगितलं नाही, वुकोसावा म्हणाली, पण आता सांगते: आणखी एक आठवडा गेला असता तर ती वाचली नसती. बाबा सोमवारच्या पहिल्या बसने गेला. कुठल्या गावाला, ते त्याने सांगितलं नाही. तिथेही थंड लाद्या असतीलच.

म्हणून जो कुणी माझ्याकडे नाणं टाकतो, त्याला मी फुकटात एवढं सांगतो. घरी काटा घेताना चकचकाट बघू नका. कडक, सपाट लादीवर ठेवा, आणि गारठ्याची भीती वाटत असेल तर मोजे घाला, काट्याखाली गालिचा घालू नका. सीलबंद पोतं ठेवून पारखा. अंगठीएवढा फरक दाखवला म्हणून त्याला फेकू नका. कधीच फरक दाखवत नसेल तर मात्र त्याच्यावर नजर ठेवा. आणि काट्याचं आणि तुमच्या पायांचं पटत नसेल, तर दाढीवाल्याला विचारू नका, डॉक्टरला विचारा.

परवा झ्लातिया पर्सिदाला भेटायला आली. कॉफी पिता पिता उसासा टाकून म्हणाली, "काही म्हण, बाबाकडे निदान वजन तरी उतरायचं."

"उतरायचं ना," पर्सिदा म्हणाली. "आणखी दोन शनिवार गेले असते, तर त्याच्या काट्यावर मी साठ किलोची भरले असते. फक्त शवपेटी उचलणारे चौघे म्हणाले असते, म्हातारी जड आहे."