नवव्या दिवसाची सही

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी भक्ती नवं वेळापत्रक घेऊन चपलांसकट आत आली. कागद बापापुढे धरून म्हणाली, "बाबा, खाली आईचं नाव नाही."

धनाजीरावांनी चष्मा लावून पाहिलं. तीन वर्षं प्रत्येक वेळापत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'राजेश्वरी माने, बडोदे' असं छापलेलं असायचं. आता तिथे अहमदाबादच्या एका कंपनीचं नाव होतं.

राजेश्वरी कुणाकडे नोकरीला नव्हती. घरीच कॉम्प्युटर घेऊन ती लोकांना प्रोग्रॅम लिहून द्यायची. शाळांच्या वेळापत्रकाचा प्रोग्रॅम तिचा लाडका. कोणत्या बाई कोणत्या तासाला मोकळ्या, एकच प्रयोगशाळा चार वर्गांना कशी पुरवायची, यासाठी मुख्याध्यापक पूर्वी आठवडाभर पेन्सिल-रबर घेऊन बसत. तिचा प्रोग्रॅम ते दहा मिनिटांत करायचा. बडोद्यापासून सावली गावापर्यंत अकरा शाळा तो वापरत होत्या.

मग तिची मूत्रपिंडं बिघडली. आठवड्यातून दोनदा दवाखाना, आणि इकडे लोक सह्यांसाठी खोळंबलेले. म्हणून दीनानाथ वकिलांकडून तिने मुखत्यारपत्र करून घेतलं. तिच्या वतीने करारांवर सही करायचा अधिकार नवऱ्याला दिला. आपण बायकोचे कारकून झालो, असं धनाजीराव येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायचे.

"कारकून निदान वाचून सही करतो," राजेश्वरी म्हणायची.

ते खरंच होतं. बाजव्याच्या एका कारखान्याच्या गेटवर धनाजीराव सव्वीस वर्षं पास लिहीत होते. दिवसाला तीनशे सह्या. ट्रक आदल्या दिवशीच आत गेला आणि पास लिहायचा राहिला, तर मागची तारीख टाकून सही ठोकायची, हे तिथे रोजचं होतं. त्याने कुणाचं काही बिघडत नसे.

अहमदाबादच्या कंपनीला हा प्रोग्रॅम विकत हवा होता. राजेश्वरीची अट एकच, तळाशी नाव राहिलं पाहिजे. पहिल्या करारात ती अट नव्हती, तेव्हा तिने खाटेवरूनच तो परत पाठवला. मार्चच्या अकरा तारखेला ती गेली.

नवव्या दिवशी कंपनीचा माणूस दारात आला. घर पाहुण्यांनी भरलेलं, दहाव्याची तयारी चाललेली. तो ओट्यावरच टेकला, हात जोडून दोन शब्द बोलला आणि मग फाइल काढली. राजेश्वरीने सांगितलेली नावाची अट घातली का, एवढं धनाजीरावांनी विचारलं.

"बधुं आवी गयुं, काका, सगळं आलंय. फक्त तारीख जरा आधीची टाका. तीन मार्च."

तिचं काम अर्धवट राहू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. अधिकाराचा कागद कपाटात होताच. त्या माणसाने जिथे बोट ठेवलं, तिथे त्यांनी पान न उलटता सही केली.

भक्तीने आता कंपनीला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, सोबत कराराची झेरॉक्स. तिने ती उभ्यानेच वाचली. नावाची अट त्यात कुठेच नव्हती.

"तीन मार्च," ती म्हणाली. "तेव्हा आई चांगली शुद्धीवर होती. म्हणजे तिनेच सांगितलं असणार तुम्हाला." मग झेरॉक्सची घडी घालत म्हणाली, "मला शिकवायची, आपण केलेल्या कामाखाली आपलं नाव घालावं. स्वतःचं मात्र देऊन टाकलं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. धनाजीराव उठले आणि पाणी प्यायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते खंडेराव मार्केटजवळ दीनानाथांच्या ऑफिसात जाऊन बसले. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग खाली मान घालून सगळं सांगितलं.

"धनाजीराव, माणूस गेलं की त्याने दिलेला अधिकारही त्याच क्षणी जातो," दीनानाथ म्हणाले. "मी तेव्हाच वाचून दाखवलं होतं. तुमची ती सही सहीच नव्हे. करार मोडू शकतो."

धनाजीरावांचा चेहरा उजळला.

"पण सही कधी केली ते शपथेवर लिहून द्यावं लागेल. बायको गेल्यावर नवव्या दिवशी केली आणि ती जिवंत असतानाची तारीख टाकली, असं स्पष्ट."

"भक्तीला कळेल?"

"कळेलच. तिच्या आईच्या कामावर तिचाही हक्क आहे. कागदांत तिचंही नाव येईल."

दीनानाथांनी प्रतिज्ञापत्र टाइप करून ठेवलं. पहिल्या आठवड्यात त्यांचे दोन निरोप आले, नंतर तेही थांबले. धनाजीरावांनी कारखान्यात सुट्टी मिळत नसल्याचं कळवलं होतं. सुट्टी मागितलीच नव्हती.

भक्ती आईच्या कॉम्प्युटरवर रोज तासभर बसायची, काहीतरी लहानसं स्वतः लिहायची. ते तिने बंद केलं. एकदा जेवताना धनाजीरावांनी सुरुवात केली, "तुझ्या आईने ते नाव..."

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "आता त्याचं काय."

त्यांनी राहू दिलं, आणि मनातून त्यांना सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता दिवाळी होऊन गेली आहे. प्रतिज्ञापत्रावर सही झालेली नाही. आईने नाव सोडलं नव्हतं, हे भक्तीला अजून सांगायचं राहिलं आहे.